दादाचा थुंकीचा डबा

मीरा रोड, शुक्रवार, ११ फेब्रुवारी १९९४

क्षय दादाला झालाय आणि लाज मला वाटतेय. आज इस्पितळात त्याच्या खाटेशी बसताना थुंकीचा झाकणाचा डबा मी पायाने हळूच खिडकीकडे सरकवला. जंतू जणू माझाच पत्ता विचारत निघाले होते! दादाने ते पाहिलं.

"सोवळ्यात आलायस का रे, शास्त्रीबुवा?"

मी हसलो आणि डबा तिथेच राहू दिला.

मग त्याला खोकल्याची उबळ आली. डब्यासाठी तो उठला, पाय लटपटले आणि तो फरशीवर पडला. मी काय केलं? आधी खिशातला रुमाल शोधला, नाकावर बांधला, मग त्याला हात दिला. लहानपणी ज्याच्या ताटात जेवलो, त्याला!

सिस्टर धावत आल्या. "डबा हाताशीच ठेवायचा, किती वेळा सांगायचं? कोणी हलवला?"

"मीच," दादा म्हणाला.

इतरांच्या चुका रोज पेपरात छापणारा मी रुमालाची गाठ नीट करू लागलो.

हाड मोडलं नाही, कोपर सोललं. निघताना डबा उचलून मी त्याच्या उशाशी ठेवला. दादा पुटपुटला, "साबणाने हात धू हं, नीट. तुझ्या घरी पोरं आहेत."