दोघींपुरती शेगडी

आई, काल आम्ही दोघांनी गच्चीवर ठेवायला कोळशाची शेगडी घेतली. मुलं परगावी असतात, घरात हे आणि मी. गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या भरिताला धुराचा वास लागत नाही, असं यांचं म्हणणं. शनवारा चौकाजवळच्या एका मोठ्या दुकानात गेलो. झाकणाच्या, चाकांच्या, विजेवर चालणाऱ्या अशा पाच-सहा शेगड्या दुकानदाराने मांडल्या आणि सहज विचारलं, "आंटी, घर में खानेवाले कितने हैं?" मी "दोघंच" म्हणाले आणि समोरच्या शेगडीचा पाय धरून तिथेच खाली बसले. हे घाबरले, पाणी आणायला धावले. यांना कसं सांगणार की हाच प्रश्न मी एकदा ऐकला होता, नऊ वर्षांची असताना, तुझा पदर धरून उभी असताना.

तेव्हा नागपूरशी आपलं नातं नुकतंच तुटलं होतं. नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, आणि तू शिकवायचीस त्या शाळेत एक छापील कागद आला. मराठी शिक्षिकांनी लिहून द्यायचं होतं, पलीकडे मुंबई राज्यात बदली हवी की इथेच राहून हिंदीची परीक्षा देणार. तू तो कागद चार दिवस गव्हाच्या डब्याखाली ठेवलास. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घर काकांच्या शब्दावर चालत होतं. काकांनी तिसराच मार्ग काढला. "वहिनी, तिकडेही जाऊ नका आणि परीक्षाही देऊ नका. नोकरी सोडा. पुरुषांच्या मांडीला मांडी लावून हिंदीच्या वर्गात बसायची आपल्या घरात रीत नाही." ते तुला कधी अरेतुरे करत नसत, आवाजही चढवत नसत. म्हणून मला त्यांची जास्त भीती वाटायची. पाचव्या दिवशी तू सही केलीस, 'इथेच राहणार, हिंदी शिकणार.' काका म्हणाले, "मग या छपराखाली नाही. आणि पोर मात्र आमच्या घराण्याची आहे, ती इथंच राहील." तू माझे फ्रॉक घडी करायला घेतलेस.

भाड्याने मिळालेल्या खोलीची एक अट होती. मागच्या खोलीत घरमालकिणीच्या सरकीची आणि कापसाची पोती रचलेली. "आत काडीसुद्धा ओढायची नाही, बाई. जे पेटवायचं ते आंगनात. एक ठिणगी उडाली तं माझं सगळं जाईल, अन् तुमची खोली त्याच्या आधी जाईल." म्हणून आपण वेशीपाशी बैलगाडी सोडून बसलेल्या भटक्या लोहारणीकडे गेलो. तिच्यासमोर शेगड्यांची रांग होती. पत्र्याची बादली कापून आतून मातीने लिंपलेली, चार पायांची रुंद, घमेल्यासारखी उथळ, आणि एका कडेला एक लहानशी, खोल, जाड पत्र्याची. तिने तुला विचारलं, "खानेवाले कितने हैं, बाई?" तू रांगेकडे पाहत राहिलीस. मी तुझ्या तोंडाकडे. मग तू म्हणालीस, "दोघी." लोहारीण हसली, "दोन का चूल्हा कोई लेता है क्या? कल कोई मेहमान आया तो?" ती रुंद शेगडी पुढे सरकवत राहिली. तिची जाळी एवढी मोठी की तिच्यावर चार वांगी आणि एक तवा एका वेळी बसेल.

मलाही तीच हवी होती. मी हट्टाने त्या शेगडीचा पाय धरून बसले. मला वाटत होतं की मोठी शेगडी घेतली तर कधीतरी काकांकडची सगळी येतील, चुलत बहीण येईल, आणि हे वेगळं राहणं संपेल. तू माझ्याशी भांडली नाहीस. तू एकेक शेगडी उचलून पाहिलीस. पत्रा नखाने वाजवून बघितलास, तळाला राख काढायचं दार आहे का ते पाहिलंस, काठ किती उंच आहे ते हाताच्या वितीने मोजलंस. "उथळ असली की वारा निखारा उचलतो," तू मला म्हणालीस, जणू मी तुझ्या वर्गातली मुलगी. "खोल असली की विस्तव आत राहतो. आणि कडी असली पाहिजे, पाऊस आला तर मला एकटीला उचलता आली पाहिजे." ती लहान, खोल शेगडी घेऊन आपण निघालो. मी सगळ्या रस्त्याने रडत होते आणि तू एकदाही गप्प बस म्हणाली नाहीस.

पहिल्या संध्याकाळी तू अंगणाच्या मधोमध विटांवर शेगडी ठेवलीस. घरमालकीण पाण्याची भरलेली बादली शेजारी घेऊन ओट्यावर बसली. ती आपल्याकडे बघत नव्हती, फक्त निखाऱ्यांकडे. तू जाळीच्या कडेला एकच वांगं ठेवलंस, उरलेल्या जागेत लहान तवा. वारा आला की तू पाठ वाऱ्याकडे करून पदराचा आडोसा धरायचीस. मला श्वास घ्यायची भीती वाटत होती. तेवढ्यात दारातून काका आले. "झालं का मनासारखं, वहिनी?" ते उकिडवे बसले, शेगडीकडे बघून म्हणाले, "एवढीशी?" तू भाकरी थापत होतीस. "आम्हाला पुरते, भाऊजी." मग त्यांनी डाव टाकला. "आपण दोघांनी ओढाताण करायची नाही. पोरीलाच विचारू." तू माझ्याकडे पाहिलंस. किती निश्चिंत होतीस तू, आई! "विचारा," म्हणालीस.

काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, घरी येते का?" मी बादलीकडे पाहिलं, पोत्यांच्या बंद दाराकडे पाहिलं, आणि उठून चपला घातल्या. तू तव्यावरची भाकरी उलटली नाहीस. भाकरी जळाल्याचा वास आला. तुझ्या हातची भाकरी कधी जळलेली मी पाहिली नव्हती. जाळीवरचं वांगं फुटून त्याचं पाणी निखाऱ्यावर पडलं, चर्रर झालं. तू म्हणालीस, "स्वेटर घेऊन जा. सकाळी थंडी असते." एवढंच.

आठ दिवस मी तिकडे होते. एकदा तिथल्या ओट्यावर खेळताना मला तू गल्लीच्या तोंडाशी उभी दिसलीस, खांद्याला शाळेची पिशवी. मी पाहिलं हे तू पाहिलंस आणि वळून गेलीस. नवव्या दिवशी दुपारी काका कापूस बघायला निंबोला गावी गेले होते. मी माझी पिशवी घेऊन तुझ्या अंगणात येऊन उभी राहिले. तू हिंदीचं पुस्तक मांडीवर घेऊन 'दही खट्टा है, दही खट्टा है' असं घोकत होतीस. मराठीतलं ते दही हिंदीत पुल्लिंगी कसं, हे तुझ्या जिभेला पटत नव्हतं. शेगडी विटांवरच होती, थंडगार. जाळीला त्या संध्याकाळची वांग्याची जळकी साल तशीच चिकटलेली. तू मला जवळ घेतलं नाहीस. "हात धुऊन ये," म्हणालीस, आणि जाळी घासायला घेतलीस. इतक्या जोरात घासत होतीस की राख सगळ्या अंगणात सांडली.

दुसऱ्या दिवशी काका आले ते दोन वडीलधाऱ्यांना घेऊन. तू दाराच्या चौकटीत उभी राहिलीस. "माझी पोर तिच्या पायांनी आली. तुम्हीच म्हणाला होता, तिला विचारू. आता काय विचारायचं राहिलं?" वडीलधाऱ्यांपैकी एकजण खाली बघत म्हणाला, "चला, भाऊ." काका पुन्हा आले नाहीत. तू परीक्षा पास झालीस, तीस वर्षं त्याच गावात शिकवलंस, आणि 'माझी पोर तिच्या पायांनी आली' हे वाक्य तू जन्मभर सांगितलंस. माझ्या लग्नात माझ्या सासूबाईंना सांगितलंस. दवाखान्यातल्या नर्सलाही सांगितलंस. आणि काकूला मात्र कधी माफ केलं नाहीस. तिनेच काकांचे कान भरले, तिनेच पोर ठेवून घेतली, असं तू धरून बसलीस. ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिने निरोप पाठवला होता, वहिनीला एकदा बघायचंय म्हणून. तू म्हणालीस, "माझं तिच्याकडे काही काम नाही."

आई, मी माझ्या पायांनी आले नव्हते. त्या दुपारी काकूने माझ्या डोक्याला तेल घातलं, वेणी घट्ट घातली, पिशवी भरली आणि मागच्या बोळाने मला तुझ्या दारापर्यंत आणून सोडलं. मी येत नव्हते, चुलत बहिणीला धरून बसले होते. तिने मला दंडाला धरून ओढत आणलं. कोपऱ्यावर खाली बसून माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "तुझी आई आठ दिवसांपासून शेगडी पेटवत नाही म्हणे. चणे खाऊन शाळेत जाते. तू तुझी तू आली, असं सांगायचं. माझं नाव निघालं तं मला त्या घरात राहणं मुश्कील होईल, समजलं?" मग तुझ्या दारात मला ढकलून ती पदर तोंडावर ओढून पळत गेली. तुझी पाठ होती, तुला दिसली नाही.

तिच्या शेवटच्या आजारपणात मी एकटीच भेटायला गेले. तिने विचारलं, "वहिनीला सांगितलं का कधी?" मी नाही म्हणाले. "बरं केलं," म्हणाली. पण तोवर काकांना जाऊन सहा वर्षं झाली होती. तिला कुणाची भीती उरली नव्हती. मी घरी येऊन तुला सांगू शकले असते आणि तू उठून गेली असतीस, एवढं मला तुझ्याविषयी माहीत आहे. मी सांगितलं नाही. दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून गप्प राहिले, अशी मी स्वतःची समजूत घातली.

हे पत्र मी कुठेही पाठवणार नाही, पाठवायला जागाच नाही. यांनी आत्ता वरून हाक मारली, कोळसे पेटलेत. जाण्याआधी एवढंच लिहिते. शब्दाचं काही नव्हतं. तुझ्या तोंडून ते 'तिच्या पायांनी आली' ऐकायला मला फार आवडायचं, आणि ते काकूच्या वाट्याला जाऊ द्यायचं माझ्या जिवावर आलं.