त्रुटी जातात कुठे?

३ मार्च
नोकरीचा पहिला दिवस. जागा आवडली. मावशी ध्वनिसंग्रहाची प्रमुख आहे. मागच्या खोलीत तीन यंत्रं, एक एसी आणि लोखंडी कपाटांत चार हजार रेकॉर्डेबल डिस्क. आई गेल्यापासून मी मावशीकडेच वाढले, आता हाताला कामही तिनेच दिलं. ती सगळ्यांना सांगत होती की पोरगी घुमी आहे, पण एकदा ऐकलेलं विसरायची नाही. मी कानकोंडी झाले. दाराशी तिचे यजमान, म्हणजे काका बसतात. त्यांनी विचारलं, तू कोणाची गं? मावशी हसून म्हणाली की यांचं आता वय झालं. काका पन्नाशीचेही नाहीत.

५ मार्च
काम सोपं आहे. डिस्कमध्ये रंगाचा पातळ थर असतो, लेसरने त्यावर खुणा उमटवतात. रंग उडत जातो, खुणा पुसट होतात. डब्यावर शंभर वर्षं छापलेलं असतं. स्वस्तातल्या डिस्क पाच-सात वर्षांत गेलेल्या मी या दोन दिवसांत स्वतः मोजल्या आहेत. सेकंदाला २२० च्या वर त्रुटी आल्या की डिस्क गेल्यात जमा. इथली रीत मात्र वेगळी: मोजण्याआधी डिस्क शेवटपर्यंत कानाने ऐकायची आणि नोंदवहीत सही करायची. मावशीच्या मते यंत्रं कामचुकार असतात, कान नसतात.

९ मार्च
आज निळ्या कपाटातली डिस्क. वय एकोणीस वर्षं. मावशीची मुलगी, माझी ताई, सातव्या वर्षी गेली; तिचा आवाज एवढ्याच डिस्कवर आहे. नक्कल काढली की नुसती खरखर येते, म्हणून मूळ डिस्कच जपायची. ताई पाढे म्हणते, अडखळते, हसते.
रीत मोडून मी आधी मोजली: ३१०. ऐकली. पुन्हा मोजली: १८२. यंत्र तीनदा तपासलं. यंत्र ठीक आहे. उडालेला रंग परत येत नसतो.

१४ मार्च
मावशी तीच डिस्क रोज ऐकायला लावते. ९६. मग ४१.
आज बँकेच्या फॉर्मवर आईचं नाव लिहायचं होतं. पेन हातात तसंच राहिलं. मागचा माणूस म्हणाला, बाई, झोप लागली का?

१६ मार्च
जुन्या नोंदवह्या काढल्या. या डिस्कपुढे पहिली आठ वर्षं कोणाचीच सही नाही. नंतरची अकरा वर्षं काकांची. शेवटी सही नाही, नुसत्या रेघा. त्याखाली मी.
मावशीला विचारलं. तिने नाकारलं नाही. म्हणाली की काकांकडे ताईला द्यायला आठवणी उरल्या नाहीत गं, तुझ्याकडे भरपूर आहेत. आणि बाळा, मी तुला वाढवलं ना?
वाढवलं. डबे भरले, वेण्या घातल्या, तापात उशाशी बसली. ते सगळं याच्यासाठी —

१९ मार्च
पिशवी भरून निघाले. स्टॉपवर उभी राहिले. कुठे जायचं ते — चार बस सोडल्या.
मावशी न्यायला आली. पिशवी तिनेच उचलली. वाटेत म्हणाली की जेवून तरी जायचंस.

२१ मार्च
डिस्क मोडायला घेतली. दोन्ही हातांत वाकवली. मावशी ओरडली नाही. एवढंच म्हणाली की मोड, पण तुझी आईसुद्धा आता त्यातच आहे.
ऐकली. ताईच्या मागे, लांबून, कोणी बाई मला हाक —
नाही मोडली.

२४ मार्च
९. ४. २.
आवाज स्वच्छ. मुलगी सातचा पाढा म्हणते. सात चोक — मला पुढचं —

२७ मार्च
त्रुटी ०. इथल्या प्रमुख बाईंनी मला पोटाशी धरलं. फार मायाळू आहेत.
ही वही टेबलावर होती. कोणीतरी त्यांच्याविषयी वाईटसाईट लिहिलंय. माझी मान शरमेने खाली गेली. बाई म्हणाल्या की असू दे, ती पानं फाडून टाक म्हणजे झालं. आधीची फाडली. आता हे एवढं —