टेक्याशिवाय कुंपण

१ सप्टेंबर २००२, रविवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. व्हीआरएस घेतल्यापासून माझ्या दिवसाला शिस्त राहिली नाही अशी तक्रार आहे. तक्रार सौ. छायाची. वास्तविक माझ्याइतका शिस्तीचा माणूस अख्ख्या सातपूर एमआयडीसीत नव्हता. सव्वीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं, एक नट इकडचा तिकडे झाला नाही. दोनदा झाला, पण तेव्हा ऑडिटवाल्यांचं मोजण्यात चुकलं होतं.

विषय: मखमलाबादचा आपला पाच गुंठ्यांचा प्लॉट. छायानं जूनमध्ये तिथे केशर आंब्याची सात रोपं लावली. त्यातलं एक काल पाटापलीकडच्या झुंबरबाईच्या शेळ्यांनी खाल्लं. छायानं जेवताना जाहीर केलं की दसऱ्याला आपल्या मुलीचे, मंजुषाचे सासरे घोटीहून येणार आहेत, त्यांच्याकडे प्लॉटला गिऱ्हाईक आहे. तोपर्यंत कुंपण उभं राहिलं तर प्लॉट ठेवू, नाहीतर देऊन टाकू. आंबे काय, बाजारात मिळतात.

मी म्हणालो, पंधरा दिवसांत उभं करतो. स्वतः. माणूस न लावता. फोनवर मंजुषा होती, ती हसली. लाइन खराब असावी.

प्लॉट जाता कामा नये. घरात खोल्या दोन, आणि दोन्हींत सकाळ-संध्याकाळ छायाचा शिवणक्लास. प्लॉट गेला तर मी दिवसभर बसायचं कुठे? हे छायाला बोललो नाही. इथे लिहिलं तर चालेल.

३ सप्टेंबर, मंगळवार

सिमेंटचे खांब आले. छत्तीस. प्रत्येकाला वरपासून खालपर्यंत पाच भोकं. शिवाय काटेरी तारेची बंडलं, आणि बांधायला बारीक तार. ट्रॉलीवाल्यानं सगळं रस्त्यावरच उतरवलं.

खांब वाहून आत न्यायला सुरुवात केली. एक नेला. मग कंबर.

शेजारी सावळीरामचं झेंडूचं वावर आहे. त्यानं भावाला आणि गड्याला हाक मारली, तिघांनी दुपारपर्यंत खांब आत टाकले आणि खड्डेही घेतले. दिशा मी दाखवत होतो. जाताना सावळीराम म्हणाला, साहेब, चारी कोपऱ्यांना तिरपे टेके द्या, नाय तर तार ओढली का खांब आत येतो, लय ताण बसतो.

त्याला बॅलन्स समजावून सांगितला. कुंपणाला चार बाजू. चारही बाजूंनी सारखा ताण बसला की एकमेकांना रद्द होतो. टेका म्हणजे सिमेंटची नासाडी. तो मान हलवत गेला. पटलं असावं.

८ सप्टेंबर, रविवार

खांब उभे. सावळीराम मदतीला होताच. ओळंबा विकत घेतला होता, पण वापरला नाही, माझी नजर पुरेशी आहे. रस्त्यावरून पाहिलं तर रांग किंचित नागमोडी दिसते. आतून पाहिलं तर दिसत नाही. आतूनच पाहायचं ठरवलं.

१० सप्टेंबर, मंगळवार

गणपती. काम बंद. आमचा गणपती दीड दिवसाचा, पण कॉलनीच्या मंडळाचा अनंत चतुर्दशीपर्यंत आहे आणि मी मंडळाचा सल्लागार आहे. मंडळाला हे अजून कळवलेलं नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी १

तार चढवायला आरंभ. काटेरी तार भोकातून ओवायला घेतली. पहिल्या खांबातून गेली. दुसऱ्यातून ओढून काढली. तिसऱ्यात काटा अडकला. आता ती पुढेही जाईना, मागेही येईना. शर्टाची बाही गेली. जुना होता. (छायाच्या मते नवा.)

सावळीराम बांधावर झेंडू खुरपत होता. तो म्हणाला, साहेब, काटेरी तार भोकात घालत नाय कुणी. ती खांबाला बाहेरून टेकवायची, भोकातून बारीक तार घालायची अन् पकडीनं पीळ देऊन आवळायची.

हे मला माहीत होतंच. ओवून होतं का तेवढं पाहत होतो. तिन्ही खांबांतली तार तशीच ठेवली आहे, नमुना म्हणून.

२२ सप्टेंबर, रविवार

पितृपक्ष लागला. नवं काम सुरू करत नाहीत. पण तार ओढणं नवं काम की जुन्याचाच पुढचा भाग? छायाला विचारलं. ती म्हणाली, तुमच्या पितरांनाच विचारा, येतायत ना जेवायला.

रिस्क घेतली नाही. पंधरवडाभर फक्त प्लॅनिंग. कॉलनीतल्या कुलकर्ण्यांकडून वास्तुशास्त्राचं पुस्तक आणलं.

२५ सप्टेंबर, बुधवार

एक रोप गेलं. शेळ्यांना पितृपक्ष नसतो. उरली पाच.

रिस्क घेण्याचं ठरवलं.

२९ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी

आज ऐतिहासिक दिवस. तार ताणायची माझी स्वतःची पद्धत शोधली: तारेचं एक टोक कोपऱ्याच्या खांबाला, दुसरं टोक स्कूटरला, आणि फर्स्ट गिअर. तार अशी सरळ झाली की सावळीरामची बायको नवसाबाई फुलं तोडायची थांबून बघत राहिली. मी उतरून तार खांबांना आवळायला गेलो.

मग पाहिलं तर कोपऱ्याचा खांब आत झुकला होता. ताण कमी करावा म्हणून स्कूटर मागे घेतली. तार सैल झाली. खांब झुकलेलाच राहिला.

घाबरण्याचं कारण नाही. अजून तीन बाजू ओढायच्या आहेत. बॅलन्स होईल.

१ ऑक्टोबर, मंगळवार

चारही बाजू ओढल्या. आता चारही कोपरे आत झुकले आहेत, सारखेच. बॅलन्स झाला म्हणायचा.

सावळीराम बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, साहेब, चारी खांब आत डोकवायले लागले. आत काय पुरलंय का?

असल्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही. शिवाय कुंपण आत झुकलेलं असलं की बाहेरच्या माणसाला ते सौम्य वाटतं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

तारेवर दोन साळुंक्या बसल्या, तर मधली तार खालच्या तारेला जाऊन टेकली. साळुंक्या उडाल्या, तार तिथेच. काठीनं वर उचलून ठेवली. पक्ष्यांवर उपाय शोधायला हवा.

६ ऑक्टोबर, रविवार

फाटक बसवलं. लोखंडी, लाल रंगाचं, मीच निवडलं. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की दक्षिणेकडे दार म्हणजे अडचणींना आमंत्रण, दार ईशान्येलाच हवं. आपला रस्ता नेमका दक्षिणेला. तेव्हा रस्त्याकडची बाजू पाच तारांनी बंदच ठेवली आणि ईशान्य कोपऱ्याशी तारा तोडून फाटक लावलं.

ते सावळीरामच्या झेंडूत उघडतं.

छाया कुंपणाबाहेर रस्त्यावर उभी होती, हातात पाण्याची कळशी. म्हणाली, अहो, मी आत येऊ कुठून? मी मार्ग सांगितला: रस्त्यानं मागे जायचं, चिंचेपाशी वळायचं, सावळीरामची विहीर डावीकडे ठेवायची आणि बांधाबांधानं यायचं. सहा-सात मिनिटं लागतात. चालणं झालं तर तिच्या गुडघ्यांना बरंच आहे. तिनं कळशी रस्त्यावरच ओतली.

सावळीरामचं एवढंच म्हणणं पडलं की दसऱ्यापर्यंत फूल हाय साहेब, बांधावरून चाला, वावरात पाय ठेवू नका. सज्जन माणूस. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

झुंबरबाईची काळी शेळी रस्त्याकडच्या बाजूनं आत आली. दोन तारांमधून, सावकाश, लग्नाच्या मांडवात शिरावं तशी. एक रोप खाल्लं आणि त्याच वाटेनं परत गेली. मी तिथेच उभा होतो. ईशान्येच्या फाटकातून धावत बाहेर पडून रस्त्यावर पोचेपर्यंत शेळ्या पाटाच्या पलीकडे गेल्या होत्या.

झुंबरबाई म्हणाली, भाऊ, मी काय करू, मुकं जनावर हाय, तुमी तर कुंपण घाला ना.

घातलंय, असं मी सांगितलं. ती इकडेतिकडे बघायला लागली.

रोपं चार. दसऱ्याला सहा दिवस.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

छाया रिक्षानं प्लॉटवर आली, बरोबर एक इसम. मुन्नाभाई, विंचूरकडचे, वय पन्नाशी, द्राक्षबागांचे मांडव बांधतात. जन्मभर तारच ओढली आहे. सावळीरामनं नाव सुचवलं म्हणे. मी विचारलं, कशासाठी? छाया म्हणाली, सहज, बघून जातील.

मुन्नाभाईंनी वरच्या तारेवर एक बोट ठेवलं. तार वीतभर खाली गेली. मग कोपऱ्याच्या खांबाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, साहब, पैले कोना पकडना पडता, फिर तार खिंचनेका. कोनाच ढिला तो क्या फायदा. इसकू दो-दो टेके देव, उनका सिमेंट सुकने देव, बाद में खिंचो.

मी बॅलन्सची थिअरी सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली. मग छायाला विचारलं, बहेनजी, साहब बाहरगाव कब जाते?

प्रश्न विषयाला सोडून होता.

संध्याकाळी छाया म्हणाली, तुमच्या मामेभावाची उद्या मनमाडला घरभरणी आहे, तुम्ही जाऊन या. तीन दिवस राहा. एरवी ही मला भाजी आणायलाही एकट्याला पाठवत नाही. आज बॅग तिनं स्वतः भरली. माणसाची किंमत कळायला वेळ लागतो.

१३ ऑक्टोबर, रविवार. मनमाड

मामेभावाच्या घराचं दार दक्षिणेला. त्याला पुस्तकातलं सगळं समजावलं. तो म्हणाला, स्टेशन तिकडे आहे, मग दार कुठे करणार? वहिनींनी परत पुरणपोळी विचारली नाही.

इथे प्लॉटची आठवण येते. खरं सांगायचं तर धाकधूक होते. परवा व्याही येणार आणि काळी शेळी मोकळीच आहे. उद्या परतताच चारही बाजू पुन्हा ओढायच्या, या वेळी सेकंड गिअरमध्ये.

१४ ऑक्टोबर, सोमवार. खंडेनवमी. संध्याकाळी ५

गाडी लेट. घरी पोचलो तर छाया म्हणाली, आता प्लॉटवर कशाला, आधी हत्यारांची पूजा करा. तिनं शिवणयंत्राला हार घातला होता. मी माझी पहार, पक्कड आणि ओळंबा पाटावर मांडायला गेलो तर पक्कड सापडेना. पहारही नाही. दोन दिवस घरात नव्हतो तर एवढी बेशिस्त.

ओळंब्याची पूजा केली. अजून पुडक्यातच असल्यामुळे स्वच्छ होता.

छायाच्या पायांना सिमेंट लागलेलं दिसलं. विचारलं तर म्हणाली, रांगोळी आहे.

१५ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा. रात्री जेवणानंतर

सविस्तर लिहितो.

छाया आणि मंजुषा सकाळीच रिक्षानं पुढे गेल्या, झाडलोट करायला. मी व्याह्यांना आणि जावई समर्थला घेऊन मागून निघालो. व्याही भाताच्या गिरणीचे मालक, कमी बोलणारे, वस्तू हातात घेऊन पारखणारे. चिंचेपाशी गाडी थांबवायला लावली. ते म्हणाले, प्लॉट तर पुढे रस्त्यालाच आहे ना? मी म्हणालो, प्रवेश शास्त्राप्रमाणे आहे. विहीर डावीकडे ठेवून बांधाबांधानं त्यांना नेलं. झेंडू सगळा तोडून झाला होता. वाटेत बॅलन्स, फर्स्ट गिअर, नऊ-नऊ इंचांवर पाच तारा, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, या कुंपणातून माणूस काय, मांजर आत जाणार नाही.

ईशान्य कोपऱ्यात पोचलो. फाटक नव्हतं.

फाटकाच्या जागी पाच तारा, एका रेषेत. कोपऱ्याचा खांब ताठ, त्याला दोन बाजूंनी दोन तिरपे टेके. व्याह्यांनी वरच्या तारेवर अंगठा दाबला, ती हलली नाही. छेडून पाहिली, टण्ण वाजली. ते म्हणाले, वा. चिंचेनंतर पहिल्यांदाच बोलले.

तारांमधून पलीकडे पाहिलं. दक्षिणेला रस्त्यावर लाल फाटक, त्याला झेंडूचं तोरण. आत सतरंजी. सतरंजीवर छाया, मंजुषा, सावळीराम, नवसाबाई आणि मुन्नाभाई चहा घेत होते. माझी पक्कड मुन्नाभाईंच्या कमरेला. चार आंब्यांना चार आळी केलेली. रस्त्यावर झुंबरबाईच्या शेळ्या कुंपणाला नाक लावून उभ्या होत्या, आणि काळी शेळी माझ्याकडेच बघत होती.

मी वाकून दोन तारांमधून जायचा प्रयत्न केला. हा शर्ट मात्र खरंच नवा होता.

समर्थनं मला सोडवलं. मग ते दोघे आल्या वाटेनं परत फिरले, फाटकाकडे. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, मी इकडची बाजू तपासतो. वाईट वाटलं. तेरा वर्षांपूर्वी प्रमोशन हुकलं होतं तेव्हासारखं, छातीत मधोमध. पण चारही आंबे दिसत होते, आणि वाऱ्यानं त्यांची पानं हलत होती, आणि आता ती कुणी खाणार नव्हतं. तेव्हा बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

व्याह्यांनी फाटक दोनदा उघडून मिटून पाहिलं आणि छायाला सांगितलं, हे विकू नका. गिऱ्हाइकाला मी नकार कळवतो. मग विचारलं, गिरणीच्या आवाराला असंच कुंपण घालायचंय, कारागीर कोण? हे मला पलीकडून ऐकू आलं. मी हात वर केला. छायानं मुन्नाभाईंकडे बोट केलं.

नंतर ती पेला घेऊन प्लॉट ओलांडून माझ्याकडे आली. म्हणाली, उद्यापासून दहा वाजता डबा घेऊन इथे येऊन बसत जा, तुमच्यासाठी बाक सांगितलाय सावळीरामला. दोन खोल्यांत तुमची अडचण होते हे मला कळत नाही का? तिनं तारांमधून पेला दिला. चहा न सांडता, काट्याला न लागता पेला अलीकडे आला. मी म्हणालो, बघ, दोन तारांतलं अंतर किती अचूक आहे. नऊ इंच. निदान एवढं तरी माझं.

मुन्नाभाई मागून म्हणाले, साहब, वो तो खंबेवाला छेद पाडकेच देता.