काकीच्या भाकऱ्या माझ्या खात्यात

आई, आज सकाळी अलिबागला जाऊन यंदाचं रिटर्न भरून आले. भरलं की हायसं वाटतं म्हणतात. मी घरी आल्यापासून दोनदा ओटा पुसला, कोकमाच्या बरण्या खाली काढून पुन्हा फळीवर लावल्या आणि आता पाहुण्यांच्या रिकाम्या खोलीत टेबलाशी बसून तुला लिहिते आहे. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा रिटर्न म्हणजे काय ते आधी सांगते. वर्षभरात आपण काय कमावलं ते सरकारला कळवायचं. तुझ्या वेळी आपल्या घराला ही भानगड नव्हती. पाहुण्यांना राहायला-जेवायला ठेवायचा तुझा सगळा धंदा बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात मावायचा आणि त्या डब्याला हात लावायची आम्हाला छाती नव्हती.

यंदा धंदा बसला. नागावात आता जिकडे तिकडे पोहायच्या तलावाचे बंगले झालेत. लोक मांडव्याला बोटीतून उतरतात आणि गाडी करून थेट तिकडे जातात. आपल्याकडे कुणी आलंच तर आधी पंख्याकडे बघतात आणि विचारतात, "एसी नाही का?" वर दोन खोल्या चढवून एसी लावायचे तर बँकेचं कर्ज हवं, आणि बँकेला रिटर्नात चांगला आकडा हवा. कर्ज नाही मिळालं तर पुढच्या वर्षी तू लावलेली घरगुती जेवणाची पाटी मला काढून ठेवावी लागेल. हे दिवसातून दहा वेळा मनात येतं आणि मग मी उगाच काहीतरी आवरत सुटते.

आता पैसे फोनवरून येतात. दाराशी एक छापील चौकोन लावलाय, पाहुणा त्याच्यावर फोन धरतो आणि पैसे माझ्या खात्यात पडतात. शेजारच्या काकीकडे असला फोन नाही. तिच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि मोदक माझ्याकडेच नाही, बंगल्यांवरही जातात, कारण तलावात डुंबणाऱ्यांनाही भाकरी मात्र घरचीच लागते. ते सगळे पैसे माझ्या चौकोनावर येतात. शनिवारी मी काकीला रोख नेऊन देते. शंभर आले असतील तर नव्वद देते. फोनचा खर्च, बँकेच्या खेपा, असं मी माझ्या मनाला सांगते. काकीला सांगितलेलं नाही.

रिटर्न भरून देणारा पोरगेला माणूस आहे, पण हुशार. गेल्या आठवड्यात त्याने खात्याचे कागद चाळले आणि म्हणाला, "ताई, तुम्ही तर रडत होता, वर्ष बरं गेलंय की." मी सांगितलं, यातले निम्म्याहून जास्त शेजारणीचे आहेत. तो म्हणाला, "मग टेन्शन कशाला घेता? सगळं तुमचंच दाखवू. कर तरीही एक रुपया लागत नाही, आणि एवढा आकडा बघितला की बँक नाही म्हणणार नाही. त्यांचं वेगळं काढायचं असेल तर मात्र महिन्यावार कागद करून आणा. किती आले, किती दिले, खाली त्यांची सही."

तिथून घरी येताना रिक्षात मला तू सारखी आठवत होतीस. मी बारा वर्षांची असेन. पुण्याचे पाहुणे पंगतीला बसलेत, त्यांतल्या बाई मोदकाच्या कळ्या मोजताहेत, तुझं तोंडभर कौतुक करताहेत, आणि मी तूप वाढता वाढता सांगून टाकते की मोदक शेजारच्या काकीने केलेत. तू हसलीस. मग मला मागच्या पडवीत नेलंस आणि दंड घट्ट धरून म्हणालीस, "पाहुणे आपल्या घरी जेवायला आलेत. कुणाच्या हातचं आहे ते सांगत बसायची काय गरज होती?" काकी तिथेच चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. तुझा मला तेव्हा फार राग आला होता आणि त्या दिवशी रिक्षात तो राग पुन्हा आला, पण या खेपेला तो नीट तुझ्यावर टिकेना.

मी कागद केला. खरा केला. एका बाजूला आलेले, दुसऱ्या बाजूला दिलेले. काल दुपारी काकीकडे नेला, सरकारात तुझे पैसे तुझ्या नावाने लावायचेत, खाली सही हवी म्हणाले. तिने चष्मा लावून एकेका ओळीवरून बोट फिरवलं. मी दाराच्या चौकटीशी उभी राहून पायाच्या अंगठ्याने शेणाची जमीन उकरत होते. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. "एवढं माजं हाय?" ती म्हणाली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मी शंभरातल्या दहा रुपयांचं सांगायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "तू कापतेस ते ठाव हाय मना. तुजी आय जास्त कापायची."

ती रागावलीही नव्हती. सही करून कागद माझ्या हातात देताना म्हणाली, "मोट्या पोराला वाटतं, आय भाकऱ्या थापून टाइमपास करते. सरकारात माजं नाव लागलं ना, की त्याला दाखवीन. न्हेशील ना नीट?"

नेला, आई. पिशवीत प्लास्टिकमध्ये घालून नेला. तिथे माझ्या आधी दोन माणसं होती, पंखा गरगरत होता आणि मी मनात सारखी आकडे मांडत होते. काकीचे वगळले तर माझं वर्ष किती लहान दिसतं ते मला पहिल्यांदाच नीट कळलं. माझा नंबर आला. त्याने विचारलं, "कागद आणलात का ताई?" मी म्हटलं, "नाही जमलं. सगळं माझंच दाखवा." पाच मिनिटांत काम झालं. निघताना त्याने सांगितलं, काही राहिलं असेल तर अजून काही महिने दुरुस्त करता येतं, फक्त एक फोन करा.

मघाशी काकीने कुंपणाच्या गडग्यापलीकडून हाक मारली. "लागलं काय गो माजं नाव?"

मी हो म्हणाले. तिने लगेच मोठ्या मुलाला जेवायला बोलावलं आहे, रविवारी. मलाही ये म्हणाली, तिचं नाव लागलेला कागद घेऊन. तू असतीस तर तुला विचारलं असतं काय करू, आणि तू काय सांगितलं असतंस ते मला माहीत आहे, म्हणून विचारत नाही. फोन इथेच टेबलावर आहे. अलिबागला अजून केलेला नाही.