राडामेसची पाठ

८ डिसेंबर
बेसबॉलच्या सामन्यात मारामारी! समोरच्या संघाच्या पिचरने आमच्या कॅचरच्या बरगडीत मुद्दाम चेंडू घातला. दोन्ही संघ एकमेकांवर तुटून पडले. लाथा, बुक्के — एकाने हेल्मेटनेच दात पाडले. आमचा पिचर राडामेस सगळ्यांच्या खाली चेंगरला. उठला तो वाकडाच. पाठीचा स्नायू फाटलाय. संघाची डॉक्टर म्हणून मी स्पष्ट लिहून दिलं — पाच आठवडे चेंडूला हात लावायचा नाही.

९ डिसेंबर
मॅनेजर ओनेसिमोने बर्फाची बादली लाथाडली. "पाठ आहे का ओली बाळंतीण, बाई?"

आपल्याकडे कायदा एकच. त्यांनी आपला मारला, आपण त्यांचा मारायचा. बरगडीत, डोक्यात नाही. मांगूच्या भरतासाठी हिरवी केळी घ्यायला गेले तर केळीवालीसुद्धा विचारते, "एलिसाउलला कधी फोडताय?" एलिसाउल म्हणजे त्यांचा सगळ्यात तगडा बॅटर.

१२ डिसेंबर
राडामेस सकाळपासून मागे लागलाय. "ताई, एकच चेंडू. मग हवं तर महिनाभर पालथा पडतो. नाहीतर गावात तोंड दाखवायला जागा नाही मला."

"वाक," म्हटलं. वाकला. "दुखत नाही," म्हणाला. कपाळावर घाम! खोटं बोलत होता, मला दिसत होतं.

तरी खेळायच्या परवानगीवर सही केली. फक्त एक चेंडू, उद्या. का केली? कॅचरची बरगडी मीच बांधली होती, त्याची किंकाळी अजून कानात आहे. मलाही एलिसाउलला कळवळताना बघायचं होतं. झालं!

१३ डिसेंबर
हात वर गेला आणि पाठीने दगा दिला. बरगडीत बसायचा तो चेंडू सरळ तोंडावर. हाड फुटल्याचा आवाज मी बाकावरून ऐकला. एलिसाउल पडला तो हललाच नाही. आणि लोक नाचत होते! मग बाटल्या, खुर्च्या, पुन्हा लाथाबुक्क्या. राडामेस मातीत ओरडत पडला होता. मी त्याला ओलांडून एलिसाउलकडे धावले. गालाचं हाड आत गेलेलं. माझे हात कोपरापर्यंत रक्ताने भरले. मागून ओनेसिमो बोंबलतोय — "आपल्या माणसाला बघ बाई, आपल्या!"

१५ डिसेंबर
सांतो दोमिंगोच्या इस्पितळातून फोन. एलिसाउलचा डावा डोळा गेला.

१८ जानेवारी
राडामेसला तपासलं. पाठ ठणठणीत. उद्या अंतिम सामना, ओनेसिमो बाहेरून दार बडवत होता.

"ताई," राडामेस हळूच म्हणाला, "दुखतंय म्हणून लिहा ना."

पाठ आता कधीच बरी होणार नाही, असं लिहून दिलं.