राणीच्या राज्यातली बायको आणि मी

सोमवार, ९ सप्टेंबर. सकाळी ९.१०

ओजस शाळेत गेला. गिरिजा ऑफिसला गेली. गाडी गिरिजाबरोबर गेली. घरात उरलो मी आणि एकोणिसावं शतक.

आजपासून पुस्तक सुरू. नाव ठरलं: 'राणीच्या राज्यातली बायको'. इंग्लंडच्या तख्तावर त्रेसष्ट वर्षं एक बाई बसते, आणि तिच्याच राज्यात लग्न झालेल्या बाईला स्वतःची कमाई स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही! यावर मराठीत कोणी लिहिलेलं नाही. लिहिलं असेल तर मी वाचलेलं नाही, म्हणजे नाहीच.

वेळ भरपूर आहे. माझा व्हिसा म्हणजे गिरिजाच्या व्हिसाचं शेपूट. बेलव्ह्यूत राहा, खा, झोपा, पण नोकरी करायची नाही. पुण्यात माझ्या हाताखाली अख्खी टीम होती. अमेरिकन सरकारनं शार्दूलाला साखळी घातली आहे. ठीक. साखळीतला शार्दूल लिहील. रोज तीन पानं. ख्रिसमसला ग्रंथ तयार.

११.४०

प्रस्तावनेची पहिली ओळ सुचली. अप्रतिम. ड्रायरमधून कपडे काढेपर्यंत विसरलो.

गुरुवार, १२ सप्टेंबर

प्रकरण पहिलं: दिनक्रम. खात्यापित्या घरातल्या इंग्लिश बाईचं आयुष्य वाचून मन विषण्ण झालं. कमावणं हे तिला शोभत नाही. सकाळी आजचा बेत ठरवायचा. मग ठरलेल्या वेळी ओळखीच्या बाईकडे जायचं, चहा प्यायचा, तिथं नसलेल्या तिसरीबद्दल बोलायचं आणि नवरा यायच्या आत घरी परतायचं. काय हा बुद्धीचा अपव्यय!

दुपारी मालिनीकाकूंकडे चहाला गेलो. काकू आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहतात, मराठी मंडळाच्या सेक्रेटरी आहेत. राधा आणि सावनीही आल्या होत्या. दोघीही माझ्यासारख्याच, नवऱ्यांच्या व्हिसावर. मंडळातल्या देवांगच्या बायकोनं सासूला एअरपोर्टवरून आणायला स्वतः न जाता टॅक्सी पाठवली, यावर दीड तास गेला. माझं म्हणणं पडलं की टॅक्सीपेक्षा न जाणं जास्त लागलं असेल. सगळ्यांनी मान्य केलं.

हे फील्डवर्क.

गिरिजानं आल्या आल्या विचारलं, किती पानं झाली? म्हटलं, सध्या मटेरियल जमवतोय. ती फ्रिज उघडून म्हणाली, त्या मटेरियलमध्ये कोथिंबीर राहिलेली दिसते.

बुधवार, २५ सप्टेंबर

प्रकरण दुसरं: पोशाख. कंबर आवळायचा तो भयंकर पिंजरा! आत कडक पट्ट्या, मागे दोऱ्या, श्वास घ्यायची सोय नाही. शरीराचा असा छळ, आणि बायका तो मुकाट सोसत. का? हा प्रश्न मी खणखणीत विचारणार आहे.

तांदळाची पिशवी उचलताना कमरेत लचक भरली. गिरिजानं कमरेचा पट्टा मागून आवळून दिला. म्हणाली, श्वास सोड. सोडला. परत घेता येईना. प्रकरण दुसरं पुढच्या आठवड्यात.

शनिवार, ५ ऑक्टोबर

थेट प्रकरण तिसरं घेतलं: परवानगी. बाईला बग्गी हवी असेल तर नवऱ्याला विचारायचं. काही मोठं घ्यायचं तर त्याचा मूड बघून विषय काढायचा. दोनदा अधोरेखित केलं.

(लायब्ररीत जायला गाडी हवी आहे. गिरिजाला शुक्रवारी विचारावं. शुक्रवारी तिच्या मीटिंग कमी असतात.)

गुरुवार, १७ ऑक्टोबर

अखेर समाजानं दखल घेतली! मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात माझं व्याख्यान. काकूंनी स्वतः विचारलं. त्या म्हणाल्या, अरे, जादूगाराला फ्लू झालाय, वीस मिनिटं भरशील का? पुढे म्हणाल्या, वीस म्हणजे वीस हं शार्दूल, त्यानंतर फराळ आहे. लोक भुकेले झाले की मी जबाबदार नाही.

वीस मिनिटांत एक शतक. आव्हान आहे. उद्यापासून पहाटे पाचला उठून सराव.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

सात पन्नास. बस चुकली. ओजसची.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

इंग्लंडमध्ये लग्न झालं की बाईचं नावसुद्धा नाहीसं व्हायचं. ती उरायची फक्त 'मिसेस हेन्री अमुक'. हा मुद्दा व्याख्यानात घेणारच.

संध्याकाळी मंडळाचं पोस्टर व्हॉट्सॲपवर आलं. त्यात छापलंय, 'व्याख्यान: आपल्या गिरिजाचे मिस्टर'. ताबडतोब काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, नुसतं शार्दूल लिहिलं तर कोणाला कळणार, बाळा? आपल्याकडे दोन शार्दूल आहेत, लोकांना वाटायचं ढोलवाला बोलणार आहे.

पटलं. शेवटी विषय लोकांपर्यंत पोचल्याशी मतलब.

हॅलोविनसाठी ओजसच्या ड्रॅगनच्या पोशाखाला शेपटी शिवली. टाके बारीक आले आहेत. राधानं फोटो मागवला.

शनिवार, ९ नोव्हेंबर. संध्याकाळी, घरी आल्याबरोबर

हॉल जिंकला! सुरुवातीला थोडी चुळबुळ होती. चकल्यांचा वास मागून येत होता. मग मी १८८२ च्या कायद्यावर आलो. लग्न झालेल्या बाईला स्वतःची मिळकत स्वतःकडे ठेवायचा हक्क मिळाला, आणि माझा आवाजच वेगळा लागला. म्हणालो, मित्रहो, कर्तबगार माणसाला घरी कोण बसवतं? कायदा बसवतो! दार उघडा आणि बघा, असा माणूस एक दिवस, एक दिवससुद्धा घरात थांबणार नाही!

टाळ्या. राधानं शिट्टी मारली. काकूंनी फराळ दोन मिनिटं रोखून धरला.

प्रश्न एकच आला, दादारावकाकांचा. काका नागपूरचे, रिटायर्ड इंजिनियर, मुलाकडे आले आहेत. त्यांनी विचारलं, शार्दूलराव, गिरणीत बारा-बारा तास राबणाऱ्या बाया होत्या, त्या कुठल्या घरी बसल्या होत्या? त्यांच्या पगाराचं काय? मी म्हणालो, तो दुसऱ्या खंडाचा विषय. काका म्हणाले, असं का, मग पहिला खंड वाचायला द्या. मी म्हणालो, अवश्य. विषय टाळण्यात मी इतका तरबेज आहे हे मला माहीत नव्हतं.

गिरिजा गाडीत गप्प होती. भारावली असावी.

रविवार, १० नोव्हेंबर

भारावली होती हे खरं निघालं.

सकाळी पोहे खाताना तिनं सांगितलं. तिच्या कंपनीच्या लंडन ऑफिसात जागा आहे. बॉस दोन महिने मागे लागलाय. तिथं नवरा किंवा बायको बरोबर आली तर त्यांनाही पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते. ती म्हणाली, मी थांबले होते रे, वाटलं तुला इथं रुळल्यासारखं झालंय, उगाच कशाला हलवा. पण काल तू बोललास आणि मला इतकं वाईट वाटलं. माझ्यामुळे तू तीन वर्षं कोंडला गेलास. सकाळीच बॉसला मेसेज टाकला, येते म्हणून.

ओजसनं विचारलं, कॅन आय टेक माय ड्रॅगन?

आनंद झाला. फार म्हणजे फारच आनंद झाला. पोहे ताटात तसेच राहिले.

बुधवार, १३ नोव्हेंबर

शांतपणे विचार केला. इतिहासकाराला विषयापासून अंतर लागतं. लंडनबद्दल लंडनमध्येच बसून लिहिलं तर त्रयस्थपणा राहत नाही. बेलव्ह्यू हे योग्य अंतर आहे.

गिरिजाला हे सांगितलं. ती म्हणाली, बरं, आणि खरं कारण?

मग हवेचा मुद्दा काढला. तिथला तो कोळशाचा धूर, ते दाट धुकं, ओजसची छाती नाजूक. ती म्हणाली, शार्दूल, तो धूर तुझ्या प्रकरणातला आहे. आता तिथं कोळसा जाळत नाहीत.

मग ओजसच्या मित्रांचा मुद्दा काढला. ओजस सोफ्यावरून ओरडला, आयॅम फाइन, बाबा!

गिरिजा लॅपटॉप मिटून म्हणाली, हे बघ, तुला नोकरी करायची नसेल तर नको करूस. खरंच चालेल मला. घर तू छान चालवतोस. फक्त लोकांसमोर व्हिसाचं नाव घेणं बंद कर.

मी दुखावलो गेलो. सडेतोड उत्तर देणार आहे. सुचलं की देतो.

सोमवार, १८ नोव्हेंबर

उत्तर म्हणून रेझ्युमे काढला. होऊन जाऊ दे.

पुण्याच्या नोकरीपर्यंत सुरेख जमला. पुढची तीन वर्षं: 'ग्रंथलेखन व स्वतंत्र संशोधन'. गिरिजा म्हणाली, ग्रंथ पाठव, लिंक टाकू. म्हटलं, खर्डा आहे. ती म्हणाली, खर्डा तर खर्डा. चार पानं निघाली. त्यातली दोन ऋणनिर्देशाची. एकावर तिचे आभार होते, ते तिनं दोनदा वाचले.

मग माझी ओळ खोडून तिनं टाइप केलं: 'घर आणि मूल पूर्णवेळ सांभाळलं'. विचारलं, यात काही खोटं आहे का?

खूप शोधलं. सापडलं नाही.

मंगळवार, ३ डिसेंबर. सकाळी ८

लंडनच्या एका कंपनीबरोबर व्हिडिओवर इंटरव्ह्यू झाला. समोर कबीर नावाचा मॅनेजर, वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, अत्यंत नम्र. नम्र माणसं मला आवडत नाहीत.

त्यानं सध्या वापरतात त्या टूल्सबद्दल विचारलं. मी म्हणालो, टूल्स येतात जातात, मूलभूत गोष्टी बदलत नाहीत. तो म्हणाला, खरं तर बदलल्या आहेत.

मग वातावरण हलकं करायला त्यानं विचारलं, लंडनबद्दल काही माहिती आहे का? आता मैदान माझं! नदीच्या दुर्गंधीपासून सुरुवात केली. गटारं, जमिनीखालची रेल्वे, गॅसचे दिवे, मोलकरणी, मिळकतीचा कायदा. तो मधूनमधून मान हलवत होता. शेवटी त्यानं विचारलं, थोडं अलीकडचं काही?

मी १९०१ पर्यंत आलो.

गुरुवार, ५ डिसेंबर

नकार आला. दोन ओळी, दोन्ही गोड.

गिरिजाला म्हणालो, नुकसान त्यांचं आहे. ती हसली नाही. रागावलीही नाही. रागावली असती तर मला बोलायला काहीतरी मिळालं असतं. म्हणाली, होतं रे, लंडनमध्ये पुष्कळ कंपन्या आहेत.

पुष्कळ. हा शब्द दुपारपासून डोक्यात फिरतोय. तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो, कायद्यानं अडवलंय म्हणून. राधाला सांगितलं, सावनीला सांगितलं, गेल्या महिन्यात अख्ख्या हॉलला सांगितलं. आता मला कोणीही अडवत नाही. इतकी भीती मला पुण्यातल्या कुठल्याच बॉसची वाटली नव्हती.

हे इथंच राहू दे. या वहीबाहेर जाता कामा नये.

विषय बदलावा म्हणून गिरिजाला विचारलं, उद्या ओजसच्या डब्याला काय करू, पराठे की इडली?

ती म्हणाली, उद्यापासून डबा मी करते. तू अर्ज भर.