तणमोर कुठे आहे ते सांगणार नाही

२ ऑगस्ट १९७०, रविवार

दिसला! चिखलात उभी राहून, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन — पण दिसला. तणमोर! नर. काळाभोर, पंखांवर पांढरं, डोक्यामागे बारीक तुरे. गवतातून सरळ वर उसळला, बेडकासारखं काहीतरी टरटरला आणि खाली गडप. परत उसळला. मी तोंडावर हात दाबून धरला होता, नाहीतर ओरडलेच असते.

जागा निघोज्याचं गायरान. कुरुळी फाट्यावर एस.टी.तून उतरायचं आणि चांगलं लांब चालायचं. खोळ गवराबाईची. निघोज्याचीच म्हातारी, शेळ्या घेऊन तिथे असते. म्हणाली, "बाई, येडी का खुळी तू? यवढ्या पावसात पाखरू बघाया आलीस?" म्हटलं, येडीच.

घरी आले तर हरिहर इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. उद्यापासून श्रावण, म्हणून आज साहेबांच्या बंगल्यावर ऑफिसर लोकांना जेवण. जयसिंगसाहेब म्हणजे कंपनीचे वर्क्स मॅनेजर, आणि आमचा नवरा त्यांचा असिस्टंट. असिस्टंट कसला, शेपूट!

"कुठे होतीस?"

"पक्षी बघायला."

"कुठे?"

"बाहेर."

"एकटीच?"

मी साडी बदलायला आत गेले. मग बंगल्यावर गेलो.

ताटात तित्तिर! साहेबांनी स्वतः मारलेले. बोटाएवढ्या तंगड्या, वर लिंबाच्या फोडी. हरिहरनेही एक चोखली. याच्या आईने पाहिलं असतं तर तिथेच आंघोळीला बसली असती. मी काकडी खाल्ली.

तोंडावर "अहो" म्हणते, इथे "तो" लिहिते. वही माझी आहे.

५ ऑगस्ट

बोलणं बंद. बरं आहे. घरात शांतता आहे.

९ ऑगस्ट, रविवार

परत निघोजे. आज सकाळभर गवतात पालथी पडून राहिले. साडी गेली कामातून. माळावर एक धाविक तुरुतुरु धावत होता, थांबायचा, परत धावायचा. वर कापशी घार एकाच जागी पंख मारत उभी. आणि तणमोर — आज दोन! दुसरी मादी असणार, मातकट, उडाली तेव्हाच कळलं. म्हणजे इथे अंडी घालणार! कोणाला सांगू? मी शिकवते त्या शाळेतल्या बायकांना दोनच पक्षी माहीत, चिमणी आणि कोंबडी.

घरी हरिहरचे बूट चिखलाने भरलेले दारात. कुठे गेला होता विचारलं नाही. त्याने तरी कुठे मला विचारलं?

११ ऑगस्ट

चित्राताई आल्या होत्या. साहेबांच्या पत्नी, लेडीज क्लबच्या अध्यक्ष, अंगावर सेंट. पंधरा ऑगस्टला कॉलनीत प्रदर्शन. "अरुंधती, तू पक्ष्यांचं काहीतरी करतेस ना? एक छानसा तक्ता कर. आपल्या भागात बघण्यासारखे पक्षी." आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं! मी वेड्यासारखी हो म्हणाले.

१४ ऑगस्ट

तक्ता झाला. पवनेच्या काठी खंड्या. तारांवर वेडा राघू, थंडीत नीलपंख. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी. क्वार्टर्सच्या मेंदीत भारद्वाज, सकाळी लवकर. नांगरलेल्या रानात चंडोल, माळटिटवी. चित्रं मीच काढली. नीलपंखाचा निळा चार वेळा पुसला तेव्हा जमला.

चित्राताई बघायला आल्या. "मोर नाही? आणि लव्हबर्ड्स?"

"लव्हबर्ड्स आपल्याकडचे नाहीत हो."

"नाहीत कसे? आमच्या गॅलरीत आहेत!"

आणि जाताना माझ्या नीलपंखाशेजारी मासिकातला लव्हबर्ड्सचा फोटो चिकटवून गेल्या! डिंकाने! मी तो खरवडून काढला. खाली जी मोकळी जागा राहिली तिथे तणमोर काढला. तुऱ्यांसकट. ठसक्यात लिहिलं — "दुर्मिळ. चाकणकडचं गवताळ रान. श्रावण-भाद्रपद."

१५ ऑगस्ट

गाढव! मी गाढव!

साहेब झेंडावंदन करून सरळ तक्त्याशी आले. खंड्या नाही बघितला, राघू नाही बघितला. बोट थेट तणमोरावर. "हा अजून आहे इथे? माझे आजोबा याच्यासाठी दोन-दोन दिवस मुक्काम टाकायचे! असं मांस कुठल्या पाखराचं नाही, वहिनी." मी म्हटलं, बघायचे पक्षी आहेत, खायचे नाहीत. लोक हसले. साहेबही हसले. "चाकणकडे म्हणजे नेमकं कुठे?"

"ते सांगत नसते."

हसू गेलं. हरिहर माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मी साहेबांच्या थोबाडीत मारली.

१६ ऑगस्ट, रविवार

निघोज्याला गेले नाही. आता जायची सोय राहिली नाही, कोणी मागावर आलं तर?

साहेब श्रावण कडक पाळतात म्हणे. मांस नाही, दारू नाही, सोमवारचा उपास. मग भाद्रपद लागला की बंदूक साफ करायची! देवालाही बरं बनवतात हे लोक. श्रावण आहे तोवर माझा पक्षी जिवंत आहे, एवढंच.

२० ऑगस्ट

कळलं. प्रॉडक्शन मॅनेजरची जागा रिकामी होतेय. उमेदवार दोन — हरिहर आणि तो गोडबोल्या सुरेंद्र. आणि साहेब आमच्या याला म्हणालेत, "तुमच्या मिसेसना जरा समजवा." पाखराच्या बदल्यात खुर्ची!

"गावाचं नाव तर विचारतायत. तू काय खजिना लपवलायस?"

"हो."

"अगं, पाखरू आहे ते! उद्या कोल्हा खाईल."

"कोल्ह्याने खाल्लं तर चालेल मला."

ताट सरकवून उठला. सरकव! मी अन्न झाकून ठेवलं नाही.

२६ ऑगस्ट

आज कप फुटला. मी फोडला. तो म्हणाला, "तुला माणसांपेक्षा पाखरं जवळची." म्हटलं, पाखरं निदान साहेबापुढे मान हलवत नाहीत. मग तो जे बोलला ते लिहीत नाही. "रविवार-रविवार कुठे जायचीस ते मला ठाऊक नाही असं समजू नकोस" — एवढंच लिहिते. घाणेरडा माणूस! माझ्यावर संशय! बारा वर्षं याच्या डब्याच्या पोळ्या लाटल्या.

३१ ऑगस्ट, पोळा

श्रावण संपला. साहेबांकडे दीड दिवसाचा गणपती. शुक्रवारी बसणार, शनिवारी विसर्जन, रविवारी शिकार. ठरलंसुद्धा! हरिहर संध्याकाळी समोर येऊन उभा राहिला. "शेवटचं विचारतो. कुठलं गाव?"

मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "महाळुंगे. ओढ्यापलीकडचा माळ."

"नक्की?"

"नक्की."

मग "बरं" म्हणाला आणि चप्पल घालून साहेबांकडे गेला.

महाळुंग्याच्या त्या माळावर चिखल आणि कावळे आहेत. बाकी काही नाही! खोटं बोलायला इतकं सोपं असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

४ सप्टेंबर

साहेबांच्या गणपतीला गेलो. आरतीत साहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा. दिवाणखान्यात कोपऱ्यात बंदूक उभी, तिलाही फूल वाहिलेलं! चित्राताई म्हणाल्या, "अरुंधती, रविवारी रात्री जेवायला यायचं हं, खास बेत आहे." म्हटलं, येऊ की.

६ सप्टेंबर, रविवार

पहाटेच जीप गेली. हरिहर पुढच्या सीटवर, वाटाड्या! दिवसभर काही सुचलं नाही. महाळुंगे आणि निघोजे काही फार लांब नाही. तिथे काही मिळालं नाही आणि जीप तशीच पुढे गेली तर? गायरानावरून बंदुकीचा एक बार झाला तरी ती मादी अंडी टाकून जाईल. मला हे आधी कसं सुचलं नाही?

संध्याकाळी परत आला. गुडघ्यापर्यंत चिखल. "मिळाला नाही" म्हणाला. आंघोळ करून झोपला. चित्राताईंकडून जेवणाचं बोलावणं आलं नाही.

मी देवापुढे साखर ठेवली.

७ सप्टेंबर

चित्राताईंनीच सगळं सांगितलं, पदराने वारा घेत. जीप ओढ्यात रुतली. गावातून बैल आणले, पोळ्याचा रंग अजून शिंगांवर. साहेबांचा पाय मुरगळला. चिडून म्हणाले, "इथे नाही तर पुढच्या गावात बघू." तर हरिहर म्हणाला, पुढे काही नाही, रस्ता वाहून गेलाय. मग सगळ्यांदेखत साहेब त्याला म्हणाले, "बायकोची पिशवी धरायच्या लायकीचे आहात तुम्ही. कारखाना काय सांभाळणार!"

हसू आलं. खरंच आलं. आणि मग नाही आलं. माझ्या नवऱ्याला बोलायचा अधिकार माझा. यांचा नाही.

१२ सप्टेंबर

जागा सुरेंद्रला. नोटीस लागली. त्याची बायको पेढे घेऊन आली आणि दारातूनच नजर आत फिरवून गेली.

मला वाटलं आता हा घर डोक्यावर घेईल. घे बाबा! एकदा काय ते होऊन जाऊ दे. तर नाही. अंगणात बसून स्कूटरचा प्लग घासत होता. मीच गेले अंगावर. "बोला ना! माझ्यामुळे गेली म्हणा! मी खोटं सांगितलं, कळलं? महाळुंग्याला कधीच नव्हता तो!"

प्लगवर फुंकर मारली. म्हणाला, "आत जा. शेजारी ऐकतायत."

असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? दगड!

१३ सप्टेंबर, रविवार

सकाळी पोहे खाताखाता म्हणाला, "आज निघोज्याला नाही जायचं?"

निघोजे हे नाव या घरात मी एकदाही उच्चारलेलं नाही.

"नागपंचमीनंतरच्या रविवारी आलो होतो तुझ्यामागे," म्हणाला. "स्कूटर फाट्यावर लावली. कोणाला भेटतेस ते बघायचं होतं." मग पोह्यांवर लिंबू पिळलं. "तू चिखलात पालथी पडली होतीस. मी बाभळीपाशी उभा होतो. दोन होते."

"मग साहेबांना महाळुंग्याला कशाला नेलंत?"

"तू महाळुंगे सांगितलंस ना," म्हणाला.